मरीन ड्राइव्हवरचे पहिले पाच किलोमीटर: रनिंग ग्रुपसोबत नरिमन पॉइंट ते जिमखाने आणि परत

मुंबईत नवख्या माणसाला ग्रुपसोबत पहिल्यांदा धावायचं असेल तर मरीन ड्राइव्हइतका सोयीचा रस्ता दुसरा नाही, आणि त्याचं खरं कारण समुद्र नाही, रेल्वे आहे. नरिमन पॉइंटच्या टोकापासून गिरगाव चौपाटीपर्यंतचा हा सुमारे तीन किलोमीटरचा पदपथ बराचसा पश्चिम रेल्वेला धरून जातो. चर्चगेट, मरीन लाइन्स आणि चर्नी रोड ही तिन्ही स्टेशनं पदपथापासून चालत काही मिनिटांवर आहेत. दम संपला, पाय दुखला, पोट बिघडलं, तर तिथूनच वळायचं आणि गाडी पकडायची. पहिल्या दिवशी ही मोकळीक फार मोलाची असते. शिवाय चढ नाही, वाटेत सिग्नलला थांबावं लागत नाही, आणि समुद्राच्या बाजूला अखंड कट्टा असल्यामुळे हवं तिथे बसता येतं.

इथे दिलेला मार्ग रविवारच्या पाच किलोमीटरचा आहे: नरिमन पॉइंटच्या एनसीपीए या कलाकेंद्राच्या टोकापासून उत्तरेला अडीच किलोमीटर, म्हणजे जिमखान्यांच्या ओळीपर्यंत, आणि त्याच वाटेने परत. चौपाटीपर्यंत जाऊन आलं की सहा होतात. पहिल्या दिवशी चौपाटी दिसते म्हणून पुढे जाण्याचा मोह टाळावा.

पाच किलोमीटर ज्याला झेपतील त्याची साधी कसोटी अशी: सपाट रस्त्यावर न थांबता ४० मिनिटं भरभर चालता येतं का, आणि दुसऱ्या दिवशी गुडघा-घोटा कुरकुरत नाही ना? हे जमत असेल तर या. जमत नसेल तर आधी चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास चाला. चाळिशी ओलांडलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाबाची औषधं घेणाऱ्यांनी आणि घरात कमी वयात हृदयविकार झालेला असेल त्यांनी धावायला लागण्याआधी डॉक्टरांना दाखवावं. ग्रुपच्या नोंदणीत आजार, चालू औषधं, रक्तगट आणि घरच्या माणसाचा फोन नंबर विचारतात. तिथे काहीही लपवू नका. ती माहिती पेसरच्या, म्हणजे गटाचा वेग धरून धावणाऱ्या अनुभवी माणसाच्या, फोनमध्ये असते आणि वेळ आली तर पहिल्या दोन मिनिटांत तिचाच उपयोग होतो.

काळ निवडायचा तर दोन सोयीचे आहेत. पहिला म्हणजे नोव्हेंबर, ऑक्टोबरचा उकाडा ओसरल्यावर. दुसरा फेब्रुवारी. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत होते, आणि तिच्या आधीचे दोन महिने अनुभवी मंडळी स्वतःच्या लांब पल्ल्याच्या सरावात गुंतलेली असतात. मॅरेथॉन आटोपली की तीच माणसं मुद्दाम हळू धावतात, नवख्यांना वेळ देतात. आमच्या मते फेब्रुवारीचा पहिला-दुसरा रविवार सगळ्यांत चांगला, फक्त तो फारसा कुणी निवडत नाही.

आदल्या रात्रीपासून सुरुवात करू. जेवण आठ-साडेआठपर्यंत, नेहमीचंच: वरण-भात, मुगाची खिचडी, दही-भात. छोले, राजमा, मिसळ, तळलेलं काही नको. पहाटे पोटात गुडगुड होते आणि धावताना आतडी हलतात तेव्हा ती दुप्पट जाणवते. कपडे, बूट, मोजे, तिकिटाचे पैसे, किल्ली हे सगळं रात्रीच एका जागी काढून ठेवा. सकाळी निघायच्या घाईत राहतात ते नेमके मोजे.

बूट नवे घ्यायचे असतील तर दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि संध्याकाळी घ्या, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात आणि धावतानाही ते सुजतात. उभं राहिल्यावर सर्वांत लांब बोटाच्या पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. ती नसेल तर अंगठ्याचं नख बुटाला घासून काळं पडतं. टाच मात्र घट्ट बसली पाहिजे. नवे बूट किमान चार-पाच वेळा चालायला घालून मगच धावायला आणा. सुती मोजे आणि सुती टी-शर्ट टाळा. मुंबईच्या दमटपणात कापूस घाम धरून ठेवतो, ओला मोजा कातडीला घासतो आणि तिसऱ्या किलोमीटरपर्यंत टाचेवर फोड येतो. मांड्यांच्या आतल्या बाजूला, काखेत, पुरुषांनी स्तनाग्रांवर आणि स्त्रियांनी स्पोर्ट्स ब्राच्या पट्टीखाली व्हॅसलिनचा पातळ हात फिरवावा. अनेकांना हे अनावश्यक वाटतं, आणि मग घरी आंघोळीचं पाणी अंगावर पडतं तेव्हा कळतं.

सकाळी उठल्यावर ग्लासभर पाणी आणि निघण्यापूर्वी एक केळं किंवा तीन-चार खजूर. खाणं आणि धावणं यात पाऊण ते एक तास जाऊ द्या. चहाची सवय असेल तर अर्धा कप घ्या, नसेल तर आज सुरू करू नका. रिकाम्या पोटी धावायची सवय असलेले लोक असतात, पण पहिला दिवस तो प्रयोग करण्याचा नाही. लिटरभर पाणी एकदम पिऊन येणं हीदेखील चूकच: ते पोटात हिंदकळतं आणि दुसऱ्या किलोमीटरला स्वच्छतागृह शोधावं लागतं. इन्सुलिन किंवा साखर उतरवणारी औषधं घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर तपासावी आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

लोकल पहाटे चारच्या सुमारास सुरू होतात, पण रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं आणि गाड्यांमधलं अंतर जास्त. दिवसाचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी मार्ग बंद ठेवणं, उशिरा, साधारण दहानंतर सुरू होतो, त्यामुळे जाताना त्याचा त्रास नाही. आटोपून गप्पा मारत बसलात तर परतीला मात्र अडकाल. शनिवार रात्रीचे ब्लॉक कधीकधी पहाटेपर्यंत चालतात, म्हणून आदल्या संध्याकाळी रेल्वेची सूचना बघावी. तिकीट रिटर्नच काढा. चर्चगेटला उतरलात की स्टेशनमधलंच स्वच्छतागृह वापरून घ्या, सुटे पैसे जवळ ठेवा. तिथून वीर नरिमन रोडने समुद्रापर्यंत आणि मग डावीकडे वळून एनसीपीएपर्यंत सुमारे दीड किलोमीटर आहे, चालत अठरा-वीस मिनिटं. हे चालणं हाच निम्मा वॉर्मअप. मध्य किंवा हार्बरने येणाऱ्यांना सीएसएमटीवरून अडीच-तीन किलोमीटर पडतात. ते चालत येऊ नका, टॅक्सी वाटून घ्या.

जमायची वेळ पावणेसहा असेल तर साडेपाचला पोहोचा. नोव्हेंबरात सूर्योदय पावणेसातच्या आसपास असतो, म्हणजे सुरुवात अंधारात, पथदिव्यांच्या उजेडात होते. गडद कपडे घालू नका. मरीन ड्राइव्ह पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सूर्य इमारतींच्या मागून उगवतो आणि उजाडल्यावरही पदपथावर बराच वेळ सावली राहते. ही या जागेची मोठी देणगी. मात्र समुद्राजवळ आहे म्हणून गार वारा लागेल हा समज सोडून द्या. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते, म्हणून पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, तोच मतलई वारा. समुद्राकडून येणारा खारा वारा दिवस तापल्यावर सुरू होतो. पहाटे हवा दमट असते, वारा मंद असतो, घाम सुकत नाही आणि अंग तापत जातं. दापोली-महाबळेश्वराकडून आलेला चांगला सराव असलेला माणूसही इथे पहिल्या दिवशी धापा टाकतो. तुम्ही कमी पडताय असं नाही, हवाच तशी आहे.

नाव सांगितलं की स्वयंसेवक यादीवर खूण करतात आणि पिशव्या एका जागी गोळा होतात. पिशवी लहान ठेवा, त्यात कोरडा टी-शर्ट, नॅपकिन, चपला. दागिने, लॅपटॉप, जाड पाकीट घरी ठेवा. मोबाइल हातात धरून धावलात तर एक खांदा उचललेला राहतो आणि मानेत कळ येते. कंबरेचा पट्टा घ्या किंवा मागे चेन असलेली चड्डी घाला.

वॉर्मअप दहा मिनिटांचा: घोटे फिरवणं, गुडघे वर उचलत जागच्या जागी चालणं, पाय पुढे-मागे झुलवणं, शेवटी शंभर मीटर अगदी हळू पळणं. वाकून पायाची बोटं धरून ताणत उभं राहायचं नाही. थंड स्नायू असे ताणून धावण्याला मदत होत नाही, ते शेवटी करायचं.

मग पेसर गट पाडतात. इथे खरं बोलणं हाच सगळ्यांत महत्त्वाचा सल्ला आहे. ‘कधी धावलो नाही’ असं सांगायची लाज वाटून लोक मधल्या गटात उभे राहतात, आणि तिसऱ्या किलोमीटरला त्याच गटाच्या मागे एकटे रखडतात. नवख्यांच्या गटात रन-वॉक चालतं: दोन मिनिटं धावणं, एक मिनिट चालणं, किंवा अगदीच पहिल्यांदा असेल तर एक मिनिट धावणं, एक मिनिट चालणं. चालणं म्हणजे हार, असं वाटणाऱ्यांनी हिशेब करून बघावा. धावताना वेग किलोमीटरला साडेसात मिनिटं आणि चालताना अकरा मिनिटं धरला, तर दोनास एक या पद्धतीने पाच किलोमीटरना साधारण ४२ मिनिटं लागतात. एकास एक केलं तरी पाऊण तासाच्या आत होतं. फरक तीन मिनिटांचाही नाही. उलट जोशात पहिला किलोमीटर सहा मिनिटांत, दुसरा आठ मिनिटांत आणि उरलेले तीन बारा-बारा मिनिटांनी ओढत नेले, तर ५० मिनिटं होतात आणि जीव नकोसा होतो. चालण्याचं मिनिट दम लागल्यावर नव्हे, पहिल्या फेरीपासूनच घ्यायचं असतं. ‘आत्ता तर काहीच दमलो नाही’ म्हणून पहिली दोन चालणी गाळणारे शेवटी सगळ्यांत जास्त चालतात.

वेग कसा ओळखायचा? घड्याळाने नको. शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. ‘काल रात्री उशिरा घरी पोहोचलो आणि जेवण झालंच नाही’ एवढं एका श्वासात बोलता येत असेल तर वेग बरोबर. दोन-दोन शब्दांवर अडखळत असाल तर हळू व्हा. नवख्यांच्या पेसरताई सतत गप्पा मारतात, प्रश्न विचारतात, त्यामागे हाच हेतू असतो. उत्तर देता येत नाही असं दिसलं की त्या गट हळू करतात.

सुरुवातीला समुद्र डाव्या हाताला. पहिले दोनशे मीटर सगळे ताजेतवाने असतात आणि मागून वेगवान गट सरसर निघून जातात. त्यांच्या मागे लागायचं नाही. उजवीकडे नरिमन पॉइंटच्या उंच इमारती. त्यांच्यामुळे घड्याळाचं जीपीएस इथे चुकतं, तेव्हा पहिल्या किलोमीटरला दिसलेला अचाट वेग खरा मानू नका. एकमेकांच्या बाजूने दोघांनीच धावायचं, तीन-चार जणांची भिंत करायची नाही. हा पदपथ रोज फिरायला येणाऱ्या आजी-आजोबांचा आधी आहे. मागून जाताना लांबूनच ‘काका, उजवीकडून येतोय’ असं हळू सांगावं. अगदी जवळ येऊन ओरडलं तर माणूस दचकून नेमका त्याच बाजूला सरकतो. कुत्रं भुंकत आलं तर पळण्याचा वेग वाढवू नका, थांबा, चाला, ते मागे राहतं.

साधारण एक किलोमीटरवर वीर नरिमन रोडचा नाका येतो, कोपऱ्यावर ‘सूना महाल’ ही इमारत. ज्यांना आज दोनच किलोमीटर करायचे आहेत त्यांनी इथून वळावं. इथेच एकदा अंगाची झडती घ्या: मुठी आवळल्यात का, खांदे कानाकडे गेलेत का, पाऊल शरीराच्या फार पुढे पडतंय का? पाऊल लांब टाकलं की टाच आपटते आणि तो धक्का नडगी-गुडघ्यात जातो. पदपथ कडक आहे, त्यामुळे हे इथे लवकर जाणवतं. पावलं लहान आणि जलद ठेवा.

बहुतेकांना बरगडीखाली कळ येते ती इथून पुढे. थांबून बसू नका. चालायला लागा, कळ येते तिथे बोटांनी दाबा, थोडं पुढे वाका आणि तोंडाने लांब श्वास सोडा. दोन मिनिटांत जाते. उशिरा खाल्लेलं आणि एकदम प्यालेलं पाणी ही तिची नेहमीची कारणं.

दोन किलोमीटरच्या सुमारास प्रिन्सेस स्ट्रीटचा पूल. २०२४ मध्ये कोस्टल रोड सुरू झाल्यापासून या भागात गाड्या वेगात येतात-जातात. गर्दी चुकवायला पदपथ सोडून रस्त्यावर उतरण्याची सवय काहींना असते, ती इथे जिवावर बेतू शकते. पुढे उजवीकडे जिमखान्यांची मैदानं सुरू झाली की अडीच किलोमीटरवर स्वयंसेवक पाणी घेऊन उभा असतो. दोन-चार घोट प्या, ग्लास कचऱ्याच्या पिशवीतच टाका. मिनिटभर चालून वळायचं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटांच्या धावण्याला एनर्जी जेल, एनर्जी ड्रिंक वगैरे काहीही लागत नाही.

परतीच्या वाटेवरचा चौथा किलोमीटर सगळ्यांत लांब वाटतो. नवखेपण उतरलेलं असतं, शेवट दिसत नसतो. गटात धावण्याचा फायदा इथे दिसतो: लय दुसरा कुणीतरी धरून असतो, तुम्ही फक्त त्याच्या खांद्यामागे राहायचं. तोवर उजाडलेलं असतं, म्हणून नजर खाली न ठेवता डावीकडच्या गोलाकार गच्च्यांच्या आर्ट डेको इमारतींवर ठेवा. ही ओळ २०१८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. मान वर राहिली की छाती मोकळी होते आणि श्वासही सुधारतो.

पोटरीत गोळा आला तर थांबून कट्ट्याला हात टेकवा, तो पाय मागे सरळ ठेवून टाच जमिनीवर दाबा आणि अर्धा मिनिट तसंच राहा. नंतर चालतच या. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात जाणारी कळ, अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा, अंगावर शहारे यांतलं काहीही झालं तर धावणं त्याच क्षणी संपलं. स्वतःला किंवा शेजाऱ्याला कट्ट्यावर बसवा, पेसरला सांगा, १०८ ला फोन करा. ‘थोडंच राहिलंय’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका, तो तुमचा मित्र असला तरी.

सर्वांत मागे एक स्वीपर असतो, त्याच्या मागे कुणी राहत नाही. तो येईपर्यंत ग्रुप पांगत नाही. म्हणूनच मधूनच गाडी पकडून घरी जाणार असाल तर पेसरला सांगून किंवा मेसेज टाकून जा. न सांगता गेलेल्या एका माणसासाठी दहा जण चौपाटीपर्यंत शोधत फिरतात.

पोहोचल्यावर लगेच कट्ट्यावर बसू नका, रक्त पायात साचून चक्कर येते. पाच मिनिटं चाला, मग पोटऱ्या, मांड्यांची पुढची-मागची बाजू आणि कंबर प्रत्येकी अर्धा मिनिट ताणा. ओला टी-शर्ट बदला. पुढच्या तासाभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी किंवा मीठ-साखर घातलेलं लिंबू सरबत थोडं थोडं प्या. ओआरएस घेणार असाल तर लिटरचं पाकीट लिटरभर पाण्यातच कालवा. अर्ध्या बाटलीत घट्ट करून प्यालं तर मळमळतं आणि तहान वाढते. नाश्ता तासाभरात करा, उपमा, पोहे, इडली, अंडी, काहीही चालेल.

सोमवारी मांड्या दुखतील, मंगळवारी कदाचित जास्त, जिना उतरताना विशेष. दोन्ही पायांत सारखं, स्नायूंत पसरलेलं दुखणं दोन-तीन दिवसांत जातं. एकाच पायात, बोट ठेवून दाखवता येईल असं, हाडावर दुखत असेल तर धावणं थांबवा आणि आठवड्यात कमी झालं नाही तर डॉक्टरांकडे जा. नडगीच्या आतल्या कडेचं दुखणं नवख्यांत सर्वांत जास्त दिसतं आणि त्याचं कारण बहुतेक वेळा एकच: आठवडाभर काही नाही आणि रविवारी एकदम पाच किलोमीटर. केवळ रविवारी येणाऱ्यांना आम्ही हे पुन्हा पुन्हा सांगतो. मंगळवारी किंवा बुधवारी २५ मिनिटं आणि शुक्रवारी २५ मिनिटं, त्याच रन-वॉकने, घराजवळच्या मैदानात मातीवर. दोन धावण्यांच्या मध्ये एक दिवस मोकळा.

पावसाळ्यात हाच मार्ग वेगळा असतो. साडेचार मीटरहून मोठी भरती असेल त्या दिवशी लाटा कट्ट्यावरून आत येतात आणि पदपथ बंदही केला जाऊ शकतो. महापालिका भरतीच्या वेळा आधीच जाहीर करते, त्या बघून मगच निघा. पदपथ ओला असताना वळणं हळू घ्या आणि कट्ट्याला लागून धावू नका.

दुसऱ्या रविवारी पुन्हा पाचच. तिसऱ्याला दोनास एक ऐवजी तीनास एक करून बघा, अंतर तेवढंच. सलग तीन रविवार पाच किलोमीटर गप्पा मारत पूर्ण झाले, की मग चौपाटी, सहा किलोमीटर. तिथून दर दोन आठवड्यांनी एक किलोमीटर वाढवला तर पहिल्या रविवारपासून मोजून साधारण अडीच महिन्यांत दहाच्या गटात उभं राहता येतं. पेडर रोडचा चढ त्यानंतर.